बुटीबोरीतील पॅकिंग लाइन आणि क्यूआर कोड : माझा अनुभव

नोव्हेंबर २०२२ मध्ये औषध नियमांत दुरुस्ती झाली आणि नियमांतच दिलेल्या यादीतील ३०० औषध ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणे १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक ठरले. नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या कारखान्यात तेव्हा पॅकिंग विभाग माझ्याकडे होता, आणि यादीतले एक औषध आम्ही दुसऱ्या कंपनीसाठी बनवून देत होतो. छापखान्याला सांगून आर्टवर्कमध्ये, म्हणजे वेष्टनाच्या छपाई-आराखड्यात, एक चौकोन वाढवला की काम झाले, अशी माझी समजूत होती. परंतु त्या कोडमध्ये औषधाचे नाव, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक यांच्या जोडीला बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदतही असावी लागते. हे तपशील दर बॅचला बदलत असल्याने कोड आमच्याच लाइनवर, कार्टन (स्ट्रिप ठेवायची पुठ्ठ्याची छोटी पेटी) पुढे सरकत असताना छापणे भाग होते. स्ट्रिपवर जागा अपुरी असल्याने आम्ही तो कार्टनवर घेतला.

इंकजेट प्रिंटर बसला, त्यापुढे कॅमेरा, आणि कॅमेऱ्याला न वाचता आलेले कार्टन हवेच्या झोताने बाजूला ढकलणारी व्यवस्था. पहिल्या चाचणीत कोड डोळ्यांना स्वच्छ दिसत होते, तरी रिजेक्ट बिन भराभर भरू लागली. त्यातले एक कार्टन उचलून मी कोडवरून अंगठा फिरवला, तर काळा फराटा थेट झाकणाच्या घडीपर्यंत ओढला गेला. चकाकीसाठी लावलेल्या व्हार्निशवर आमची शाई मुरतच नव्हती. अखेर तेवढा चौकोन व्हार्निशविना ठेवून कार्टन नव्याने छापून घ्यावी लागली. जुन्यांचा ढीग नष्ट करताना लेखा विभागाने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

दुसरी अडचण आमच्या लांबलचक पत्त्याची होती. मजकूर वाढला की कोडमधील ठिपके वाढतात, आणि चौकोन तेवढाच राहिला तर प्रत्येक ठिपका बारीक होतो. शिवाय सभोवार चार ठिपक्यांइतकी कोरी जागा लागते, तिथे आमची किमतीची ओळ घुसली होती. ब्रँडवाल्यांनी कोडमध्ये केवळ लिंक ठेवण्याचे सुचवले. गडचिरोलीच्या ज्या गावांत रेंज नसते तिथे ती लिंक उघडणार कशी, हा माझा प्रश्न त्यांना पटला आणि चौकोनच मोठा करण्यात आला. अर्थात छापलेला कोड कोणीही जसाच्या तसा उतरवू शकतो. प्रत्येक कार्टनला स्वतंत्र अनुक्रमांक देऊन त्याची नोंद पडताळल्याखेरीज नक्कल पकडणे कठीण, हेही मी त्यांना सांगितले. तो खर्च मात्र कोणी अंगावर घेतला नाही.

पहिली बॅच संपली तेव्हा छापलेली, भरलेली आणि बाद झालेली कार्टन यांचा मेळ एका नगाने चुकला. गुणवत्ता विभागाने बॅच रोखली. दोन तासांनी ते कार्टन कन्व्हेयरखाली, हवेच्या नळीमागे अडकलेले सापडले. त्यावरील कोड फाडून ते बाद नोंदवले, तेव्हा कुठे माल बाहेर पडला.