कॅसाब्लांकाची मराठी सबटायटल्स: तू, तुम्ही आणि शेवटचं आपण

मागच्या अपडेटमध्ये मी मोठ्या तोऱ्यात लिहिलेलं की ड्राफ्ट झालाय, आता फक्त टायमिंग बघायचं राहिलंय. तर ते "फक्त" आता दोन महिने चाललंय. हजारावर ओळी आहेत, पिक्चर अवघा 102 मिनिटांचा, पण लोक एवढे भराभर बोलतात आणि एवढं तिरकं बोलतात की एकेका मिनिटाला माझी एकेक संध्याकाळ जातेय. बायको म्हणते एवढ्या वेळात तू फ्रेंच शिकला असतास.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. 1942 चा पिक्चर, दिग्दर्शक मायकल कर्टिझ, डिसेंबर 1941 चं कॅसाब्लांका. फ्रान्स पडलाय, मोरोक्को विशी सरकारच्या ताब्यात आहे म्हणजे नावाला फ्रेंच आणि आतून जर्मनांच्या दबावाखाली, आणि सगळ्या युरोपातून पळालेली माणसं लिस्बनच्या विमानासाठी इथे ताटकळत बसलीयत. रिक (हंफ्री बोगार्ट) हा अमेरिकन तिथे कॅफे चालवतो आणि मी कुणासाठी मान पुढे करत नाही असं सांगत फिरतो. लुई रेनॉ (क्लॉड रेन्स) हा तिथला पोलिसप्रमुख, लाचखाऊ, गोडबोल्या. इल्सा (पॅरिसमध्ये रिकचं जिच्यावर प्रेम होतं ती) आणि तिचा नवरा लाझ्लो (नाझींविरुद्ध लढणारा) तिथे आले की काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे. सगळे याला प्रेमकथा म्हणतात, मीपण म्हणायचो. आता ओळ न् ओळ खोदल्यावर माझं मत असं झालंय की हा रिक आणि लुईचा पिक्चर आहे, बाकीचे येऊन जातात.

तर या दोघांनी एकमेकांना काय म्हणायचं, हा पहिला घोळ. इंग्रजीत एकच यू, सुटले बिचारे. मी सुरुवातीला रिकच्या तोंडी तुम्ही घातलं, कारण पोलिसातला साहेब आणि हॉटेलवाला, आपल्याकडे असं कोण तू म्हणेल. पण रिक त्याला सरळ लुई म्हणतो, आणि "लुई, तुम्ही" हे मराठीत इतकं विचित्र दिसतं, जणू मध्ये "साहेब" छापायचं राहून गेलंय. मग सगळं तू केलं. मग स्ट्रासर (जर्मन मेजर) समोर असताना ते तू खटकायला लागलं. शेवटी ठरवलं की दोघंच असले की तू, स्ट्रासर समोर असला की तुम्ही. हे बरोबर बसलं. एवढं की स्ट्रासर खोलीत आला हे पडद्याकडे न बघताही खालच्या ओळीवरून कळतं.

पण तू म्हणाले म्हणून ते मित्र झाले असं नाही हां. ते तू धंद्यातलं आहे. लुईचा वाटा रिक देतो, लुई कॅफेकडे काणाडोळा करतो, दोघं बुद्धिबळातल्या खेळाडूंसारखे टोमणे मारतात, आणि लाझ्लो निसटणार की नाही यावर पैज लावतात. रिक म्हणतो वीस हजार फ्रँक, लुई म्हणतो दहा कर, मी गरीब भ्रष्ट अधिकारी आहे. ही ओळ जशीच्या तशी मराठीत आली, काही करावंच लागलं नाही.

लुईच्या बऱ्याच ओळी अशाच फुकट मिळाल्या. माझी काही ठाम मतं नाहीत, वारा येईल तिकडे मी, आणि सध्या वारा विशीकडून वाहतोय असं तो म्हणतो, तिथे मी लिहिलं "मी वारा बघून पाठ देतो. सध्या वारा विशीकडून आहे." पोलिसी भाषेचंही तसंच. संशयितांना गोळा करा वगैरे लिहून बघितलं, अगदी सरकारी पत्रकासारखं वाटलं. मग सुचलं, "रेकॉर्डवरच्यांना उचला." बास. आपल्या पेपरात रोज वाचतो ते. सुरुवातीला स्ट्रासरला खूश करायला तो हेच सांगतो की नेहमीपेक्षा दुप्पट माणसं उचलली, आणि शेवटी पुन्हा हेच येतं, त्यामुळे दोन्हीकडे "उचल" हाच शब्द पाहिजे. मी आधी एकीकडे "ताब्यात घ्या" लिहिलेलं, म्हणजे शेवटच्या ओळीतली सगळी हवाच काढून घेतलेली.

आता पहिल्या ट्रायलबद्दल. प्रेक्षक दोन, आई आणि शेजारच्या काकू. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला आणि पहिल्याच ओळीला सगळ्या वेलांट्या अक्षरापासून सुटून भलतीकडे, जोडाक्षरं फुटलेली, "प्रवास"चा "प् रवास". फाइल यूटीएफ-8 मध्येच होती, दोष टीव्हीच्या फॉन्टचा. शेवटी लॅपटॉपवरून केबल टाकून दाखवलं. ज्यांना टीव्हीवर थेट चालवायचंय त्यांनी आधी एक मिनिटाची फाइल टाकून बघा, नाहीतर पाहुण्यांसमोर माझ्यासारखी धावपळ होईल.

आईला पहिला अर्धा तास कंटाळा आला. काकूंचा प्रश्न, ज्यांच्या जोरावर कॅसाब्लांकातून बाहेर पडता येतं ते हे परवाने कसले. खरं तर काकूंचा मुद्दा बरोबर आहे, असे परवाने प्रत्यक्षात नव्हतेच, कथेच्या सोयीसाठी काढलेली गोष्ट आहे. त्यात ते परवाने घेऊन आलेला पीटर लोर सांगतो की यावर सही कुणाची, आणि तो उच्चार असा आहे की कुणाला द गॉल ऐकू येतं, कुणाला वेगां, म्हणजे विशीचा जनरल. इंग्रजी सबटायटल्समध्ये द गॉल असतं. पण विचार करा, द गॉल लंडनमध्ये बसून विशीच्या विरोधात लढतोय, त्याची सही विशीच्या पोलिसाला दाखवून काय उपयोग, उलट आतच टाकतील. मी वेगां ठेवलंय. भांडायचं असेल तर भांडा.

जर्मन म्हातारा-म्हातारी अमेरिकेला जायच्या आनंदात एकमेकांशी मोडक्या इंग्रजीत बोलतात आणि किती वाजले हे चुकीचं विचारतात, तिथे मी "किती घड्याळ?" "दहा घड्याळ." "एवढं जास्ती?" असं केलं. काकू मोठ्यांदा हसल्या. दोन महिन्यांतली माझी सगळ्यात मोठी कमाई.

मग राष्ट्रगीताचा सीन. जर्मन अधिकारी कॅफेत त्यांचं गाणं म्हणतात, लाझ्लो बँडकडे जाऊन मार्सेयेझ, म्हणजे फ्रेंच राष्ट्रगीत, वाजवायला सांगतो, बँडवाले रिककडे बघतात, रिक होकारार्थी मान हलवतो. एवढीच. अर्धा सेकंद. जो माणूस राजकारण तुमचं, दारू विकणं माझं असं म्हणत होता त्याची पहिली राजकीय कृती ही, आणि तिला सबटायटलच नाही. मी या गाण्याचे शब्द भाषांतर करून ठेवलेले, चांगले झालेले, पण ट्रायलमध्ये बघितलं की आई खाली वाचण्यात गुंतली आणि वर ती इव्हॉन (रिकनं झिडकारलेली पोरगी) रडतेय ते चुकलं. दुसऱ्या दिवशी सगळे शब्द उडवले. इव्हॉनचं काम करणारी मादलेन लबो स्वतः 1940 मध्ये फ्रान्समधून पळून लिस्बनमार्गे आलेली. तिचा तेव्हाचा नवरा मार्सेल दालिओ, तोही याच पिक्चरमध्ये, रुलेटच्या टेबलावरचा एमिल. नाझी मेजर झालेला कॉनराड व्हाइट जर्मनीतून निघून गेलेला, बायको ज्यू. त्या कॅफेत रडणाऱ्यांतल्या काहींना ग्लिसरीनची गरज नसावी. खाली मराठी ओळी कशाला पाहिजेत तिथे.

पण खरा धडा शेवटी मिळाला. धुक्यातली धावपट्टी, विमान गेलंय, लुई म्हणतो आफ्रिकेतच ब्राझाव्हिलला फ्री फ्रेंचांची (द गॉलच्या बाजूच्यांची) छावणी आहे, जायची सोय करता येईल. रिक म्हणतो ते ठीक, पण पैजेचे दहा हजार तू मला देणं लागतोस. लुई म्हणतो त्या दहा हजारात आवर एक्स्पेन्सेस निघतील. रिक विचारतो, आवर? आणि मग ती प्रसिद्ध ओळ, लुई, मला वाटतं ही एका सुंदर मैत्रीची सुरुवात आहे. मी लिहिलेलं "दोघांचा खर्च निघेल." "दोघांचा?" अर्थ बरोबर, चूक काही नाही. दोघी शांत. पिक्चर संपल्यावर काकू म्हणतात, "म्हणजे तो पोलीस पण निघाला का याच्याबरोबर?"

रात्रभर ते डोक्यात. आणि सकाळी दात घासताना लक्षात आलं की अरे, मराठीत यासाठी शब्द आहे की! इंग्रजीतल्या त्या वुईमध्ये समोरचा आहे की नाही ते कळत नाही. आपल्याकडे आम्ही वेगळं, आपण वेगळं. "आपला खर्च निघेल." "आपला?" संपलं. तो पोलीस निघालाय, हे त्या एका शब्दात आहे. रिक ज्याला दचकतो ते पैशाला नाही, त्या आपलाला दचकतो.

लगेच सबटायटल एडिट (मी सबटायटल्स ज्यात करतो ते सॉफ्टवेअर) उघडून "आपल" आणि "आपण" शोधलं तर साठच्या वर ठिकाणी! आपली पैज, आपलं काय ठरलं, आपण बोलूया, सगळीकडे मी सवयीनं टाकलेलं. जो शब्द शेवटी पहिल्यांदा आला पाहिजे तो मी पहिल्या दहा मिनिटांपासून चणेफुटाण्यासारखा वाटलेला. तर गेले तीन आठवडे हेच काम, रिकच्या तोंडचं आणि रिकला उद्देशून असलेलं प्रत्येक आपण काढायचं. आपली पैज नाही, ती पैज. वेटरांचं आदरार्थी आपणही गेलं. जुगार चालतो हे बघून लुईला धक्का बसतो आणि मागून एमिल त्याच्या जिंकलेल्या नोटा आणून देतो, तिथे "साहेब, आपले पैसे" होतं, ते "साहेब, तुमचे जिंकलेले पैसे" झालं. विनोदाला काही झालं नाही, उलट जिंकलेले आल्यामुळे बरंच झालं.

अपवाद पॅरिसचा फ्लॅशबॅक. तिथे रिक आणि इल्साला भरपूर आपण दिलंय, कारण तेव्हा त्याच्याकडे ते होतं. मग कॅसाब्लांकात एकदम मी, माझं, मला. आणि आता शेवटची दहा मिनिटं वाचून बघितली तर माझ्याच अंगावर काटा आला, कारण तिथे आपण ओळीनं तीनदा येतं आणि हे मी केलेलं नाही, मुळातच आहे. आधी रिक इल्साला म्हणतो पॅरिस कायम आपलं राहील. मग लाझ्लो रिकला म्हणतो, लढाईत परत आलात, या वेळी आपली बाजू जिंकणार. मग लुईचा आपला खर्च. प्रेम परत मिळालं ते सोडून द्यायला, मग बाजू मिळाली, मग मित्र. याच क्रमानं. लाझ्लोच्या ओळीत एक धोका होता, ते दोघं एकमेकांना तुम्ही म्हणतात त्यामुळे "आपली बाजू" म्हणजे आदरानं "तुमची बाजू" असं वाचलं जाऊ शकतं, पण वेटरांचं आदरार्थी आपण आधीच काढलेलं असल्यामुळे आता तसं वाचायची सवयच लागत नाही. नशीब.

याच्या जरा आधीची एक टायमिंगची चूकपण सांगतो, तुम्ही करू नका. स्ट्रासर पडलाय, पोलीस धावत येतात, लुई म्हणतो मेजर स्ट्रासरला गोळी घातलीय. आणि थांबतो. काही मिनिटांपूर्वीच यानं विमानतळाला फोन लावतोय असं भासवून स्ट्रासरला फोन केलेला, म्हणजे दगा देऊन झालेलाय. रिककडे बघतो. मग "रेकॉर्डवरच्यांना उचला." मी दोन्ही वाक्यं एकाच सबटायटलमध्ये टाकलेली! म्हणजे तो गप्प उभा असताना प्रेक्षकांनी खाली उत्तर वाचून टाकलेलं. एका माणसाचं मत बदलतंय आणि मी आधीच पेपर फोडलेला. आता दोन तुकडे केलेत, मधल्या शांततेत पडदा रिकामा. मग तो पाणी ओततो, बाटलीवर विशी वाचतो आणि बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकून डब्याला लाथ. लेबलसाठी वर छोटं "विशीचं पाणी" टाकलंय, नाहीतर आपल्याकडे कुणाला कळणार की हे मिनरल वॉटर सरकारच्या गावचं आहे.

एक मात्र सांगतो, लुईवर मी एवढा भाळलोय तरी तो नीच आहेच. व्हिसासाठी अडलेल्या बायकांकडून तो काय वसूल करतो ते पिक्चर हसण्यावारी नेतो. बल्गेरियन पोरगी लुईच्या शब्दावर भरवसा ठेवावा का हे रिकला विचारायला येते तो सीन भाषांतर करताना मला एकही गमतीशीर शब्द सुचला नाही, आणि मी शोधलापण नाही. रिक तिच्या नवऱ्याला बावीस नंबरवर दोनदा जिंकवतो, लुईला कळतं, चिडतो, आणि तरी पुढे पैज चालूच. मित्र असेच असतात का माहीत नाही. आईचं मत, "तो शेवटी सुधारला नाही, फक्त त्याचा वारा बदलला." आईशी मी वाद घातला, ती जिंकली बहुतेक.

बाकी काय राहिलंय. इल्सा सॅमला (कॅफेतला पियानोवाला) "पोऱ्या" म्हणते ते तसंच ठेवलंय, सॅम झालेला डूली विल्सन तेव्हा पन्नाशी उलटलेला, ते खटकतं आणि खटकू दे. आणि ती "किड"वाली ओळ, रिक इल्साला म्हणतो ती "हिअर्स लुकिंग ॲट यू, किड". ती पॅरिसमध्ये ग्लास हातात असताना येते, तिथे "तुझ्या नावानं, पोरी" चालून जातं, पण विमानतळावर हातात ग्लास नाही, तिथे ते अगदी श्राद्धाला पाणी सोडल्यासारखं वाटतं. सध्या फाइलमध्ये तिथे तीन प्रश्नचिन्हं आहेत. पुढच्या रविवारी काकू परत येणारेत, तोपर्यंत कुणाला काही सुचलं तर सांगा, नाहीतर प्रश्नचिन्हंच दाखवतो.