छत्रीवालीला चेहरा नाही

पॅरिसमध्ये चार दिवस होतो. त्यातल्या तीन दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नाही. टॉवर, बोट, रांगा, पाऊस आणि रात्री सुजलेले पाय. लिहायचंय ते गुरुवारच्या संध्याकाळबद्दल.

खरं तर ओर्से संग्रहालयात आम्ही मंगळवारी सकाळीच जाऊन आलो होतो. पाचव्या मजल्यावर इम्प्रेशनिस्टांच्या, म्हणजे क्षणाचा उजेड मोकळ्या फटकाऱ्यांनी टिपणाऱ्या चित्रकारांच्या दालनात चित्रांपेक्षा लोकांचे वर धरलेले मोबाइलच जास्त दिसले. इतक्या लांब येऊन हेच बघायचं होतं का, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं हे लेकीने शोधून काढलं आणि म्हणाली, "आई, आपण परत जाऊ." दुसरं तिकीट काढताना जीव खालीवर झाला, पण काढलं.

आठनंतर गर्दी ओसरली आणि त्यांच्यातल्याच क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची दोन चित्रं आम्हाला मोकळी मिळाली. शेजारी शेजारी टांगलेली, माणसाच्या छातीपर्यंत येतील एवढी उंच. गवताळ उंचवट्यावर छत्री घेतलेली बाई, एकात डावीकडे वळलेली, दुसऱ्यात उजवीकडे. साल १८८६, जागा मोने राहायचा त्या जिव्हर्नी गावाजवळची. मोनेने या चित्रांना नाव दिलं तेही 'उघड्यावरच्या आकृतीचा अभ्यास' एवढंच.

लेक म्हणाली, "आई, हिला चेहराच नाहीये."

खरंच नव्हता. डोळे, नाक, ओठ म्हणावं असं काहीच धड नाही, छत्रीच्या सावलीत फटकाऱ्यांनी सुचवलेलं काहीतरी. पण मान कुठे वळलीय, वारा कुठून येतोय, ऊन किती चढलंय, सगळं कळत होतं. मी जवळ गेले. पांढरा झगा पांढरा नव्हताच! उन्हाच्या बाजूला पिवळसर, सावलीत निळा आणि जांभळा. गवताचे फटकारे तिरके, घाईचे, त्यांत मधूनच गुलाबी. चार पावलं मागे आले आणि तोच जांभळा रंग पुन्हा पांढरं कापड झाला. पुढेमागे असं किती वेळा केलं कोण जाणे.

इंटरमिजिएटच्या परीक्षेआधी आमच्या चित्रकलेच्या सरांनी माझं स्मरणचित्र सगळ्या वर्गाला दाखवलं होतं. विषय होता पाणवठा. मी बायकांचे चेहरे कोरे सोडले होते आणि सावलीला जांभळा लावला होता. "सावली करडी असते, काळा मिसळ," असं म्हणून त्यांनी माझ्याच चित्रावर ब्रश फिरवला. त्यानंतर मी सावलीला कायम काळाच मिसळला, आणि पुढे चित्रं काढणंच सुटलं. त्या दालनात उभी असताना मला ते पाणवठ्याचं चित्र लख्ख आठवलं.

लेकीने मोबाइलवर मोनेचंच १८७५ चं चित्र काढून दाखवलं. ते वॉशिंग्टनला आहे. त्यातही असाच उंचवटा, अशीच छत्री, पण ती त्याची बायको कामिय, आणि मागे त्यांचा छोटा मुलगा. तिथे जाळीच्या पदराआडून का होईना, चेहरा दिसतो. १८७९ मध्ये कामिय गेली. ओर्सेतल्या चित्रांसाठी उभी राहिली ती सुझान, मोनेच्या दुसऱ्या बायकोची मुलगी. माणसं निसर्गचित्रासारखी रंगवायची, हा मोनेचा त्या काळातला ध्यास होता, हे मी वाचलेलं आहे. तरीही ती कोरी जागा बघताना मला कामियच आठवत राहिली. ते माझं मत, चित्रकाराचं नव्हे.

"अजून किती वेळ, आई?" लेकीने विचारलं, आणि मग तीच बाकावर बसून राहिली. शेवटी पहारेकरी येऊन हाताने दार दाखवू लागला तेव्हा निघालो.

खाली दुकानात डावीकडे वळलेल्या छत्रीवालीचं पोस्टकार्ड मिळालं. दिव्याखाली धरून पाहिलं. छपाईत झग्यावरची सावली करडी आली होती. परत ठेवलं.