मधला हिरवा पट्टा

कालपासून डोक्यात तो हिरवा पट्टा बसला आहे. वेचणीला बाया आल्या नाहीत, सोसायटीच्या कर्जाचा कागद टीव्हीखाली तसाच पडून आहे, दादाला फोन करायचा राहिला. यातल्या कशाचं तरी वाटायला हवं होतं. वाटतंय ते मोबाईलमधल्या एका गेमचं. चाळिशी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण रोजनिशीत शोभेचं काय करायचं?

झालं एवढंच. गोलूनं बऱ्हाणपुरातून फौज काढली होती, गोवळकोंड्यावर जायला. फौज उगाच पश्चिमेकडून वळसा घेत होती. म्हटलं, अरे सरळ खाली उतर ना, आपल्या वऱ्हाडातून. "तिथून नाही जात, काका. तिथं काईच नाई. जंगल हाये नुसतं." मी चष्मा लावून पाहिलं. सातपुड्यापासून थेट खालपर्यंत एकाच छापाची झाडं. शहर नाही, किल्ला नाही, नदीलासुद्धा नाव नाही. त्यावर बोट ठेवलं की 'टुंग' वाजतं, म्हणजे इथं काही करता येत नाही.

ते 'टुंग' मला लागलं. तिथं काईच नाई! आमच्या गच्चीवरून सकाळी नरनाळा किल्ल्याचा डोंगर दिसतो. त्याच्या महाकाळी दरवाजावर १४८७ सालचा शिलालेख आहे, जाळीदार कोरीव काम आहे, वर नऊगजी तोफ पडली आहे, जिच्यावर बसून आपल्या सगळ्यांच्या पोरांनी फोटो काढलेत. अचलपूर ही तर चक्क राजधानी होती. विजयनगरकडून लहानपणी पकडून आणलेला एक ब्राह्मणाचा पोरगा बहमनींच्या नोकरीत चढत चढत जातो, फतहुल्ला इमादुल्मुल्क होतो आणि १४९० मध्ये वऱ्हाडचा स्वतंत्र सुलतान म्हणून बसतो. गेमवाल्यांना आणखी काय पाहिजे? पलीकडे चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, आणि देवगडचे गोंड राजे. चंद्रपूरचा परकोट आणि जटपुरा दरवाजा अजून उभे आहेत. देवगडच्या बख्त बुलंदनं १७०२ च्या सुमारास बारा पाड्यांचं नागपूर केलं. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख तर आईन-ए-अकबरीत आहे. जंगलच म्हणता तर त्या जंगलात तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळायची, भंडाऱ्याकडचे तलाव पाहा. आणि हे म्हणे टुंग.

शाळेतही हेच होतं. सह्याद्रीचे किल्ले पाठ केले, घाटांची नावं पाठ केली. डोळ्यांसमोरचा नरनाळा परीक्षेत कधी आला नाही. पुढे पुण्याला गेलो तेव्हा... जाऊ दे, ते आज नको.

रात्री झोप येईना तेव्हा गोलूची जुनी वही घेऊन बसलो. म्हटलं आपणच करू आपला गेम, कागदावर का होईना. नकाशा झकास आला. वर सातपुडा, मधून पूर्णा, उजवीकडे वर्धा, मग वैनगंगा. पावसाळ्यात काळ्या रानात तोफेचं गाडं हलणार नाही असा नियम घातला, कारण आमच्या रस्त्यानं जुलैत ट्रॅक्टर नेलेल्याला ते सांगावं लागत नाही. मोहीम दसऱ्यानंतरच. खेळाडू म्हणून फतहुल्ला घेतला, म्हणजे मीच. गाविलगड माझा, नरनाळा माझा. मजा आली थोडा वेळ.

मग पुढची सालं मांडायला लागलो आणि पंचाईत झाली.

१५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहानं वऱ्हाड घेतलं. ठीक आहे, हरलो, लढाईत असं होतंच. पण १५९६? मोगल अहमदनगरच्या तटाला भिडले तेव्हा चांदबिबीनं शहर वाचवलं आणि बदल्यात दिलं काय, तर वऱ्हाड. आमच्याकडे कोणी विचारायलाही आलं नाही. तिचं शौर्य मी शाळेत घोकलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण किंमत कोणाची गेली, हे त्या धड्यात होतं का? मला तरी आठवत नाही.

त्यापुढची दोअमली. एकाच मुलखात निजामाचा अंमल आणि नागपूरकर भोसल्यांचाही, दोघंही वसूल करणार. असल्या गेममध्ये प्रत्येक प्रांताला एक रंग असतो, ज्याचा रंग त्याचं राज्य. वऱ्हाडाला कोणता देऊ? गोलूच्या कंपासपेटीतल्या दोन पेन्सिली घेऊन आडवे पट्टे मारले तर नकाशा गादीच्या खोळीसारखा दिसायला लागला.

मग १८०३. २९ नोव्हेंबरला आपल्या अडगावला वेलस्लीनं भोसले आणि शिंद्यांच्या फौजेला हरवलं, हाच तो पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. नोव्हेंबरअखेर म्हणजे रानात ज्वारी उभी असणार. ती कोणाची होती कोणास ठाऊक. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांत देवगावचा तह झाला. वर्धेच्या अलीकडचा मुलूख भोसल्यांनी सोडला, तो निजामाकडे गेला. नरनाळा आणि गाविलगड मात्र भोसल्यांकडेच राहिले. म्हणजे डोंगरावरचा किल्ला एकाचा आणि पायथ्याचं शेत दुसऱ्याचं.

पुढे १८५३. इंग्रजांनी हैदराबादेत पोसलेल्या फौजेच्या खर्चाची बाकी निजामावर चढली होती, त्यापोटी त्यानं वऱ्हाड कंपनीकडे लावून दिलं. १९०२ मध्ये तेच कायमच्या पट्ट्यानं, वर्षाला २५ लाख रुपये. आणि कडी म्हणजे १९३६ मध्ये निजामाच्या मोठ्या मुलाला किताब मिळाला, प्रिन्स ऑफ बेरार. वऱ्हाडातल्या शेताच्या एका धुऱ्यावरही त्याचा हुकूम चालत नव्हता.

इथं मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. सगळ्यांनी डाव टाकले आणि पटावर आम्ही. त्यापेक्षा ती हिरवी झाडं बरी, निदान कोणी गहाण तरी टाकत नाही. टीव्हीखालच्या त्या कागदाकडेही नजर गेली. पण ते नंतर.

त्याच तंद्रीत वहीत १८५३ ची चौकट काढली, गेममध्ये मधूनच येते तशी: 'आपला प्रांत दुसऱ्याच्या कर्जापोटी लावून देण्यात आला आहे.' खाली बटणं काढायची होती. 'मान्य' आणि 'अमान्य' अशी दोन काढली, मग 'अमान्य' खोडलं. उरलं एकच बटण. त्याच्याकडे बघता बघता मला हसू फुटलं, ते आवरेना. आतून बाई, माझी आई, म्हणाली, काऊन हासून रायला रे एकटाच, रातच्याला?

मग फतहुल्लाला रजा दिली. राजा घेऊन हा खेळ होतच नाही. खेळाडू म्हणजे एका गावचा पाटील, साल दोअमलीतलं. गाव आपलंच, नाव बदलून. मधोमध गढी. आपल्या गढीची पांढरी माती लोकांनी घराच्या धाब्यावर टाकायला नेऊन नेऊन तिचं आता टेकाड उरलं आहे, पण वहीत मी तिला चारही बुरूज दिले. एका महिन्यात निजामाचा माणूस येतो, पुढच्या महिन्यात नागपूरचा, कधी पेंढारी येतात. ज्वारी किती पिकली ते तुम्हाला ठाऊक. त्यातली किती खळ्यावर दाखवायची आणि किती पेवात, म्हणजे जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्यात, उतरवायची, तेवढा डाव तुमचा. पेवाला कडबा लावायचा, तोंड मातीनं लिंपायचं, वरून शेणानं सारवायचं आणि त्यावर बैल बांधायचा. कमी दाखवलं तर मारहाण, जास्त दाखवलं तर पुढच्या वर्षी तोच आकडा कायम. फारच ताणलं तर कुणबी रातोरात बिऱ्हाड उचलून दुसऱ्याच्या मुलखात जातात आणि घरं एकेक करून विझतात. दहा वर्षांनी गावात निम्मे उंबरे उरले तर तुम्ही चांगले खेळलात.

आज सकाळी गोलूला समजावून सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं. मग म्हणाला, "लढाई नाही का?" आहे ना, म्हटलं, पण दुसऱ्यांची, आपल्या रानात. "मंग हा गेम खेयीन कोन?" या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हत्ती तरी द्या म्हणाला. एक दिला. नऊगजी तोफ मागितली, तीही दिली, पण दारूगोळा अचलपूरहून आणावा लागेल अशी अट घातली, तर अचलपूरला कोण आहे म्हणून विचारायला लागला. सुभेदार, म्हटलं.

दुपारी कापूस भरून आलो तर वही त्याच्याकडे. पहिल्याच पानावर स्वतःचं नाव, पुढे 'अचलपूरचा सुभेदार', आणि माझ्या गावावर शंभर खंडी ज्वारी बसवलेली, खाली सही. पेवात किती आहे ते लिहा, काका, म्हणतो. एकही दाणा नाही, सरकार, असं लिहून दिलं.