गारवा उतारावरून येतो

"झोप लागायलीय का गं तिकडं?" आईचा फोन होता. संभाजीनगरात मृग कोरडा गेला, तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते आणि माणसं अजून घराबाहेर खुर्च्या टाकून बसली होती. "गच्चीवर पाय ठेवू वाटंना. स्लॅब तव्यागत तापलाय."

मी म्हटलं, आई, इथे जर्मनीतही आज ३५ अंश होते. घरात एसी नाही, कूलर नाही, पंखासुद्धा गेल्या वर्षी घेतला. तरी पहाटे पांघरूण ओढावं लागतं. तिला ते पटलं नाही. "थंड देश आहे तुमचा," एवढंच म्हणाली. पण ३५ म्हणजे इथेही ३५च. २००३च्या उष्णतेच्या लाटेत युरोपभर ७० हजारांच्या आसपास माणसं दगावली, ती याच थंड देशांमधली. मग मला झोप कशी लागते, हे तिला फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मी राहते ते स्टुटगार्ट हे शहर परातीत बसल्यासारखं आहे. मधे खोलगट भाग, भोवती टेकड्या, त्यांच्या उतारावर द्राक्षमळे आणि वर जंगल. अशा जागी वारा पडलेलाच असतो. हवा कोंडते, धूर कोंडतो, उन्हाळ्यात उकाडाही कोंडतो. या त्रासामुळेच इथल्या नगरपालिकेनं १९३८ साली एक हवामानतज्ज्ञ नोकरीवर ठेवला. शहराची हवा कुठून येते आणि कुठे अडते हे बघायला पगारी माणूस! तो विभाग आजही चालू आहे आणि नवी वस्ती, नवा रस्ता आखताना त्याचं मत घेतात.

माझं घर शहराच्या हेस्लाख भागात, चौथ्या मजल्यावर, अगदी छताखाली. आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी दिवसभर खिडक्या सताड उघड्या ठेवायची आणि रात्री तळमळायची. खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी जिन्यात गाठून शिकवलं: सकाळी सातला सगळ्या खिडक्या लाव, बाहेरची लाकडी शटरं खाली ओढ. रात्री दहानंतर सगळं उघड, समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या.

त्या रात्री मी उघडून बसले. साडेदहापर्यंत काहीच नाही. मग खिडकीच्या कठड्यावर ठेवलेल्या हाताच्या मनगटाला आधी गार लागलं. पडदा हलला नव्हता. थोड्या वेळानं तो आतल्या बाजूला फुगला आणि खोलीत पालापाचोळ्याचा, ओल्या लाकडाचा वास आला. आमच्या गल्लीत एवढं झाड नाही. तो वास वरच्या जंगलातून खाली आला होता.

हेस्लाखच्या वरच्या अंगाला जी दरी आहे तिचं नाव काल्टेनटाल. अर्थ सरळ आहे: थंड दरी. रात्र झाली की वरची कुरणं, शेतं, जंगलाच्या कडा आपली उष्णता उघड्या आभाळाला देऊन टाकतात. त्यांना टेकलेली हवा गार होते, गार हवा जड असते, आणि जड हवा पाण्यासारखी उतार धरते. दरीतून वाहत शहरात येते. वाटेत कुणी आडवी इमारत बांधली की ओढ्याला बांध घातल्यासारखी ती मागेच तुंबते. म्हणून इथे उतारांवर बांधायला फार बंधनं आहेत आणि दऱ्यांची तोंडं मोकळी ठेवण्यावर भर आहे. सपाट छपरांवर माती टाकून झाडोरा लावायला नगरपालिका १९८६पासून पैसे देते. काही ठिकाणी ट्रामच्या रुळांमध्येसुद्धा गवत आहे. डांबर दिवसभर उष्णता साठवून रात्री परत देतं, गवत तेवढी साठवतच नाही.

हे शहर काही पुण्यवान नाही. काल्टेनटालमधून येणारा नेसेनबाख हा ओढा त्यांनी कधीच नळीत कोंडून रस्त्याखाली घातला. २०१०मध्ये नव्या भूमिगत स्टेशनासाठी राजवाड्याच्या बागेतली जुनी थोराड झाडं तोडली, तेव्हा झाडांभोवती उभ्या राहिलेल्या लोकांवर पोलिसांनी पाण्याचे फवारे सोडले. खालच्या मजल्यावरच्या आजी अजून त्याबद्दल बोलताना हुंदका गिळतात.

त्याच बागेत एक छोटं तळं आहे, एकेनसे. उन्हाळ्यात दुपारी तिथे गेलं की एक गोष्ट हटकून दिसते. तळ्याच्या काठावर कुणी नसतं. सगळे शंभर पावलांवरच्या झाडांखाली. पाण्यानं गारवा येतो हे खरं, पण वारा असेल तर आणि हवा कोरडी असेल तर. वारा पडलेला असला की तळं फक्त दमटपणा वाढवतं, आणि दिवसभर तापलेलं पाणी रात्री उशिरापर्यंत कोमटच राहतं. सावलीचं तसं नाही. झाडाखालची हवा उन्हातल्या हवेपेक्षा फार तर एक-दोन अंशांनी थंड असते, पण अंगावर वरून पडणारं ऊन आणि खालून फरशीची येणारी धग, दोन्ही थांबतात. शरीराला जाणवतो तो फरक त्या एक-दोन अंशांच्या कितीतरी पट असतो.

आता मराठवाड्याकडे येते. आपली हवा कोरडी, म्हणून आपल्याकडे कूलर चालतो. वाळ्याची ताटी भिजवली की खोली थंड होते, ती त्याच जोरावर. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला विजेच्या हिशेबात पाऊण युनिटपेक्षा जरा कमी उष्णता लागते आणि ती भोवतालच्या हवेतून ओढली जाते. मोठं झाड, मुळांना ओल असेल तर, उन्हाळ्याच्या एका दिवसात १०० लिटर पाणी पानांतून सहज सोडतं. हिशेब करून बघा: साठ-सत्तर युनिट उष्णता. दीड टनाचा एसी बारा-तेरा तास चालवल्यावर खोलीतून जेवढी काढेल तेवढी. शिवाय एसी ती बाहेर गल्लीत फेकतो, झाड फेकत नाही.

'मुळांना ओल असेल तर' हे मात्र विसरता येत नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते लातूरला, माझ्या मावशीच्या गावाला. आमच्याच घरी नळ आठवड्यातून एकदा येतो. अशा मुलखात लॉन आणि कारंजी लावून शहर थंड करा म्हणणं मला पटत नाही. पाणी तुटलं की झाड पानांची छिद्रं मिटून घेतं, मग त्याच्याकडे देण्यासारखी सावली तेवढी उरते. पण ती कुठल्या झाडाची, यानं फार फरक पडतो. गुलमोहर ऐन चैत्रात बोडका असतो. कडुलिंबाला मात्र पाडव्याच्या सुमारास कोवळी पालवी येते आणि वैशाखात, जेव्हा सावली खरी हवी असते, तेव्हा तो गच्च भरलेला असतो. वड-पिंपळाचंही तसंच. आपल्या माणसांनी पारावर लावलेली झाडं उगाच निवडलेली नव्हती.

आणि या गोष्टी आपल्याला कुणी जर्मन माणसानं शिकवाव्यात असंही नाही. सेलू तालुक्यातलं माझं आजोळ माळवदाचं. पांढऱ्या मातीच्या त्या जाड छतावर रात्री बाज टाकली की मध्यरात्रीनंतर आजी गोधडी अंगावर घालायची. तिथून जवळच वालूरची चक्राकार बारव आहे. भर दुपारी तिच्या पायऱ्या उतरायला लागलं की पाचव्या-सहाव्या पायरीला कानातली धग जाते, आवाजसुद्धा वेगळा होतो. पाणी खोल, सावलीत, दगडाच्या कुशीत. उन्हात पसरलेलं नाही. आमच्या शहरातली पाणचक्की आठवा. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत. डोक्यावर पाणी, भोवती जाड दगड, बाहेर मोठा वड. शाळेच्या सहलीत आम्ही चक्की बघून झाल्यावर त्या दालनातून हलत नव्हतो.

काल्टेनटाल बघितल्यापासून मला संभाजीनगरचा नकाशा वेगळाच दिसायला लागला आहे. दक्षिणेला शहरालगतच्या सातारा गावाचे डोंगर, उत्तरेला हर्सूल-जटवाड्याच्या टेकड्या, मधे उतारानं येणारे नाले, खाम आणि सुखना या नद्या. दिल्ली दरवाज्यापाशी हिमायत बाग आणि लगतचं सलीम अली सरोवर. गार हवेला शहरात यायच्या वाटा असतील तर त्या याच. खामच्या काठावर गेल्या काही वर्षांत सफाई झाली, झाडं लागली, ते बघून फार बरं वाटलं. पण साताऱ्याच्या पायथ्याशी दर वेळी सुट्टीत गेले की इमारतींची रांग अजून वर चढलेली असते, डोंगराला आडवी. नाल्यावर स्लॅब टाकून पार्किंग होतं. एकदा बांधलेलं कुणी पाडत नाही. म्हणून आता, अजून मोकळ्या आहेत त्या जागांबद्दल बोलायला हवं, आणि ते तिथे राहणाऱ्यांनीच बोलायला हवं. मी इथून फक्त लिहू शकते.

एवढं मात्र आईशी बोलले. आमच्या दारात आजोबांनी लावलेला लिंब आहे. सहा-सात वर्षांपूर्वी अंगण स्वच्छ दिसावं म्हणून त्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, अगदी सालीला टेकून. पावसाळ्यात सगळं पाणी त्यावरून वाहत गटारात जातं. तेच सप्टेंबरात मातीत मुरलं तर मेमध्ये झाडाच्या कामी येईल. इथे कोवळ्या झाडांना बुंध्याभोवती पाण्याच्या हिरव्या पिशव्या बांधतात आणि खालची माती हातभर तरी उघडी ठेवतात, त्याचे फोटो मी तिला पाठवले.

काल तिचा फोटो आला. बाबांनी पहार लावून लिंबाभोवतीचे ब्लॉक काढलेत, जिन्याखाली रचून ठेवलेत. खालची काळी माती बोटभर रुंद भेगांनी फाटलेली. आईनं त्यात तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी ओतलं. "बादलीभर होतं," ती म्हणाली. "बघता बघता गडप. अजून एक ओतली, तीबी गेली."