संत्र्यांची टोपली

‘द ऑफुल ट्रुथ’ या १९३७ सालच्या चित्रपटाची सुरुवात एका थापेने होते. न्यूयॉर्कचा सुखवस्तू गृहस्थ जेरी वॉरिनर, आपण फ्लोरिडाच्या उन्हात राहून आलो हे बायकोला पटावे म्हणून, क्लबातल्या दिव्याखाली पडून अंग तांबूस करून घेतो आणि घरी जाताना तिच्यासाठी संत्र्यांची टोपली नेतो. बायको घरात नसते. थोड्या वेळाने लूसी उगवते ती आदल्या रात्रीच्याच समारंभी पोशाखात, आपल्या देखण्या गायनशिक्षकाबरोबर, आणि वाटेत गाडी बिघडल्याचे सांगते. जेरीचा पारा चढतो. तेवढ्यात टोपलीतले एक संत्रे लूसीच्या हाती लागते आणि त्यावर कॅलिफोर्नियाचा शिक्का असतो. जेरी नेमका कुठे होता, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. पुढच्या काही मिनिटांत दोघे घटस्फोटासाठी न्यायालयात उभे असतात आणि मिस्टर स्मिथ नावाचा कुत्रा कोणाकडे राहावा यावर भांडत असतात. कुत्र्याने स्वतःच निवड करावी असे न्यायाधीश सुचवतात, तेव्हा लूसी लपवून आणलेले खेळणे त्याला हळूच दाखवते आणि खटला जिंकते.

हा चित्रपट मी किती वेळा पाहिला याचा हिशेब आता राहिलेला नाही. १९३४ ते साधारण १९४२ या काळात हॉलिवूडने ज्या ‘स्क्रूबॉल’ प्रेमकथा निर्माण केल्या, त्यांच्यापैकी माझा सर्वांत जीव जडला तो हिच्यावर. ‘स्क्रूबॉल’ हा शब्द बेसबॉलच्या मैदानावरचा असून, नेहमीच्या वळणापेक्षा उलट्या दिशेला वळणाऱ्या चेंडूला तो वापरत. न्यूयॉर्कच्या कार्ल हबेलने त्याच सुमारास असे चेंडू टाकून भल्याभल्या फलंदाजांना चकवले होते. विक्षिप्त माणसालाही अमेरिकी बोलीत हाच शब्द लावतात. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या वाचकाला ‘गुगली’ म्हटले की अर्थ चटकन उमगेल.

या चित्रपटांच्या मोहिनीचे श्रेय बहुतेक वेळा १९३० च्या दशकातल्या महामंदीच्या काळाला दिले जाते: लोक गांजलेले होते, त्यांना श्रीमंतांची फजिती पडद्यावर पाहायला आवडे. ते चुकीचे नाही. पण मंदी संपून ऐंशीहून अधिक वर्षे लोटल्यावर, ज्याने त्या मंदीची झळ सोसली नाही अशा माझ्यासारख्याला हे चित्रपट का हसवतात, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. मला ते उत्तर सेन्सॉरच्या नियमावलीत सापडते. हॉलिवूडने १९३० साली स्वीकारलेली ही नियमावली १९३४ च्या जुलैपासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने कठोरपणे राबवायला सुरुवात केली. शयनगृहातले काहीही दाखवायचे नाही, चुंबनही आवरते घ्यायचे, विवाहबंधनाची थट्टा करायची नाही. बोलपट नुकता स्थिरावला होता आणि नाटककार व वृत्तपत्रांत मुरलेले लेखक रंगभूमीवरून, बातमीदारांच्या टेबलांवरून कॅलिफोर्नियात येऊन दाखल झाले होते. देहाची वाट बंद झाल्यावर त्यांनी सगळे प्रेम संवादांत ओतले. नायक-नायिका एकमेकांना मिठीत घेण्याऐवजी एकमेकांचे वाक्य तोडतात, आणि त्यांच्यातली ओढ पाहणाऱ्याला मिठीपेक्षाही स्पष्ट कळते.

‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०) हे याचे टोक. मूळ नाटकात हिल्डी जॉन्सन हा पुरुष बातमीदार होता. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी त्याला स्त्री केले आणि शिवाय संपादकाची घटस्फोटित बायको करून टाकले. दोघांची वाक्ये एकमेकांवर चढावीत, तरी मुद्दा ऐकू यावा, म्हणून त्यांनी प्रत्येक वाक्याच्या आधी आणि शेवटी बिनमहत्त्वाचे चार शब्द लिहून घेतले. पहिल्यांदा पाहताना उपशीर्षके वाचता वाचता माझी इतकी दमछाक झाली की अर्ध्यावर थांबून मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. रोझालिंड रसेलची हिल्डी आपल्या जुन्या नवऱ्याला सांगायला आली आहे की ती वृत्तपत्र सोडून एका सज्जन विमाएजंटाशी लग्न करणार आहे. पण केरी ग्रँटचा वॉल्टर बोलू लागताच तिचा वेग वाढतो, डोळे चमकतात, आणि विमाएजंटाची गाडी चुकणार हे आपल्याला तिच्याआधी समजते.

तो विमाएजंट रंगवणारा राल्फ बेलामी ‘द ऑफुल ट्रुथ’मध्येही आहे, तिथे तो ओक्लाहोमाचा तेलसम्राट आहे आणि तिथेही त्याच्या हाती काही लागत नाही. (‘हिज गर्ल फ्रायडे’त वॉल्टर या विमाएजंटाचे वर्णन ‘सिनेमातल्या त्या राल्फ बेलामीसारखा दिसणारा’ असे करतो.) हा माणूस दुष्ट नाही. तो प्रामाणिक आहे, पैसेवाला आहे, आईचा आज्ञाधारक मुलगा आहे; मराठी घरात स्थळ म्हणून आला असता तर पत्रिका पाहण्याआधीच पसंत पडला असता. त्याचा दोष एवढाच की त्याला विनोद कळत नाही. या चित्रपटांच्या जगात बेइमानीला क्षमा आहे, पण कंटाळ्याला नाही.

हीच गोष्ट ‘द ऑफुल ट्रुथ’मध्ये लूसी बेलामीच्या त्या तेलसम्राटाशी लग्न ठरवण्याच्या बेतात असताना येणाऱ्या एका प्रसंगातून मला सर्वांत सुंदर रीतीने दिसली. जेरीला वाटते की ती गायनशिक्षकाच्या घरी चोरून भेटायला गेली आहे. तो नोकराशी झटापट करून दार ढकलतो आणि थेट भर मैफलीत येऊन पडतो: श्रोते रांगेने बसलेले, लूसी पियानोपाशी उभी राहून गात असलेली. तो ओशाळून मागच्या खुर्चीवर बसतो, खुर्ची मागे झुकवतो आणि शेजारच्या टेबलासकट धाडकन जमिनीवर कोसळतो. लूसी गाणे थांबवत नाही. तिच्या शेवटच्या सुरात मात्र एक छोटेसे हसू अलगद मिसळते, आणि तेही सुरातच. त्या एका क्षणात लूसी रंगवणाऱ्या आयरीन डन यांनी प्रेमाची कबुली दिली आहे असे मी मानतो. त्यानंतर ती कबुली शब्दांत द्यायची काही गरज उरत नाही. दिग्दर्शक लिओ मॅकॅरी पूर्ण पटकथेविनाच चित्रीकरण करत, कलाकारांना सेटवरच प्रसंग सुचवत. जेरी रंगवणारे केरी ग्रँट इतके धास्तावले होते की त्यांनी चित्रपटातून बाहेर पडण्याचा प्रयत्न केला. मॅकॅरी यांना याच चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले आणि ते घेताना ते म्हणाले की आपल्याला चुकीच्या चित्रपटासाठी गौरवले जात आहे. त्याच वर्षीचा त्यांचा वृद्ध दांपत्यावरचा चित्रपट फारसा चालला नव्हता.

या चित्रपटांना डोळे मिटून कवटाळावे असे मी म्हणणार नाही. त्यांतली कृष्णवर्णीय माणसे बहुतेक वेळा ट्रे घेऊन येणारी आणि मान डोलावणारी असतात. ‘माय मॅन गॉडफ्रे’ (१९३६) उकिरड्यावरच्या बेकारांपासून सुरू होतो खरा, पण त्याचा बेघर नायक पुढे खानदानी घराण्यातलाच निघतो, आणि मंदीवरचा उपाय म्हणून तो उकिरड्याच्या जागी एक झकपक नाइटक्लब उभारतो. मला ही पळवाट नेहमीच खटकते.

आपल्याकडे या परंपरेची ओळख झाली ती मुख्यतः १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मुळे, ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) या हिंदी अवतारांतून. गाणी आल्यावर प्रेम गाण्यांत जाऊन बसते आणि संवादांवरचा भार हलका होतो. म्हणून मला तिथे मूळची चव लागत नाही, जरी लता-मन्ना डे यांची युगुलगीते मी हजार वेळा ऐकली असली तरी.

‘द ऑफुल ट्रुथ’चा शेवट एका डोंगरातल्या घरात होतो. घटस्फोट मध्यरात्री अंतिम होणार आहे, शेजारशेजारच्या दोन खोल्यांत दोघे झोपायची तयारी करत आहेत आणि मधले दार वाऱ्याने सारखे उघडते आहे. भिंतीवरच्या घड्याळात दोन छोटी माणसे आहेत, एक पुरुष आणि एक स्त्री. ठोके पडले की दोघे आपापल्या दारातून बाहेर येतात आणि आपापल्या दारातून परत आत जातात. बाराचे ठोके पडतात. घड्याळातला पुरुष या वेळी आपल्या दाराकडे वळत नाही. तो तिच्या मागोमाग तिच्या दारात शिरतो.