धोब्याची वही

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आईची धोब्याची वही सापडली. लांबट, लाल कापडी पाठीची, दुकानात रोजमेळाला वापरतात तसली. पानावर उभ्या रेघा. चादरी, अभ्रे, पंचे, शर्ट, परकर. शेवटच्या रकान्यात ‘आले’ नाही तर ‘बाकी’. बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरी सोमवारी सकाळी आई कपडे मोजून वहीत लिहायची, गाठोडं बांधून दाराशी ठेवायची आणि संध्याकाळी धोबी ते घेऊन जायचा. तो मोजून घ्यायचा नाही. वहीत आहे म्हणजे आहे. ट्रंक तशीच उघडी टाकून मी झोपाळ्यावर बसले.

डिटेक्टिव्ह कथांच्या नादी लागलेल्या बाईला धोब्याची वही अशी सहज मिटता येत नाही. माझा सगळ्यात लाडका डिटेक्टिव्ह अशाच एका वहीच्या मागे लागलेला असतो.

लाडका म्हटलं की लोक शेरलॉक होम्स धरून चालतात. होम्सचं मला कौतुक आहे, पण स्वभाव काही सरळ नाही. गवई दुसऱ्या उस्तादाचं नाव निघालं की निदान कानाच्या पाळीला हात लावतो. हा १८८७ च्या पहिल्याच कादंबरीत आधीच्या दोन डिटेक्टिव्हांचा निकाल लावून मोकळा होतो. एडगर अॅलन पो या लेखकाचा द्युपँ त्याच्या मते अगदी सुमार, आणि फ्रेंच लेखक गाबोरिओचा लकॉक म्हणजे नुसता गोंधळ्या! अरे, १८४१ साली तो द्युपँ पॅरिसच्या खोलीत बसला नसता तर तू कुठे असतास? द्युपँ दिवसाढवळ्या खिडक्या बंद करून मेणबत्तीच्या उजेडात विचार करत बसतो. मे महिन्यात आख्खं बडोदं खिडक्या बंद करून बसतं, आम्हाला कोणी प्रतिभावंत म्हणत नाही. लेखिका ऑर्झीबाईंचा कोपऱ्यातला म्हातारा त्यापेक्षा ओळखीचा. चहाच्या दुकानात बसून दोरीला गाठी मारत पोलिसांना न सुटलेली प्रकरणं सोडवतो. सेव-उसळच्या प्रत्येक लारीवर असा एक जण असतोच, फक्त दोरी नसते.

माझा लाडका म्हणजे सार्जंट कफ. नाव ऐकून मराठी माणसाला आधी खोकल्याची बाटली आठवते, त्याला इलाज नाही. विल्की कॉलिन्सच्या १८६८ च्या ‘द मूनस्टोन’मधला हा हाडकुळा, कुऱ्हाडीसारख्या धारदार चेहऱ्याचा, पिकल्या पानाच्या रंगाचा माणूस. लाखमोलाचा हिरा चोरीला गेलेल्या घरी येतो आणि पहिल्यांदा माळ्याशी वाद घालतो, गुलाबांच्या ताटव्यांमधून खडीची वाट का घातली म्हणून. गवत हवं होतं म्हणतो. निवृत्त होऊन गुलाब वाढवायचे हे त्याचं ठरलेलं. पोटापाण्याचा धंदा वेगळा आणि जीव दुसरीकडेच लागलेला, अशी माणसं मी बँकेत जन्मभर पाहिली.

दाराचा ओला रंग कुणाच्या तरी कपड्याला पुसला गेलेला असतो. आधीचा अधिकारी म्हणतो, क्षुल्लक गोष्ट आहे. कफ म्हणतो, क्षुल्लक गोष्ट मला अजून भेटायची आहे. आणि तो मागतो घरच्या धुण्याची वही. कपडे मोजायचे. जो वहीत आहे आणि कपाटात नाही, त्याच्यावर रंगाचा डाग. इतकं साधं. यापुढचं सांगत नाही, कोणी वाचायचं राहिलं असेल. एवढंच, की त्याचा एक मोठा अंदाज साफ चुकतो आणि पुढे तो ते सरळ कबूल करतो. होम्सच्या तोंडून असलं काही वदवायचं म्हणजे घाम फुटेल.

ती वही कॉलिन्सला हवेतून सुचलेली नाही. १८६० साली इंग्लंडात रोड नावाच्या गावी जेमतेम चार वर्षांच्या मुलाचा त्याच्या घराच्या आवारातच खून झाला. स्कॉटलंड यार्डच्या जोनाथन व्हिचरने मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीचे, कॉन्स्टन्सचे, कपडे मोजले. झोपायचे झगे तीन हवेत, दोनच भरले. तिसरा धोबिणीने हरवला, असं घरचं म्हणणं. व्हिचरचा तर्क असा, की झगा यादीत चढेपर्यंत तिने थांबायचं ठरवलं, मोलकरणीला प्यायला पाणी आणायला पिटाळलं आणि तो टोपलीतून परत काढून घेतला. म्हणजे आळ धोबिणीवर. लोकांना हे पटलं नाही. चांगल्या घरच्या मुलीचे कपडे मोजतो म्हणून उलट त्याचीच छी थू झाली. मुलगी सुटली. १८६५ साली तिने स्वतःहून कबुली दिली, तोवर व्हिचरने नोकरी सोडली होती.

बडोदेकराला या सगळ्यात एक उगाचची आपुलकी वाटते. ‘मूनस्टोन’मधला हिरा मूळचा सोमनाथच्या देवाचा, म्हणजे आमच्यापासून एका रात्रीच्या गाडीवर. आणि कादंबरीनंतर सहाच वर्षांनी, नोव्हेंबर १८७४ मध्ये, आमच्या रेसिडेन्सीत ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअरच्या सरबताच्या पेल्यात तळाशी गाळ दिसला. सोमल, म्हणजे आर्सेनिक, आणि हिऱ्याची पूड, असं ठरलं. मुंबईचे पोलीस आले, रेसिडेन्सीतल्याच एका हवालदाराच्या पट्ट्यात सोमलाची पुडी ‘सापडली’. आळ आला आमच्या महाराजांवर, मल्हारराव गायकवाडांवर. त्यांचे वकील बॅलंटाइन यांनी त्या पुडीवरून पोलिसांना चांगलंच धारेवर धरलं. सहा जणांच्या आयोगात तिघा इंग्रजांना गुन्हा दिसला, तिघा हिंदी सदस्यांना दिसला नाही. तरी महाराजांची गादी गेलीच. त्या प्रकरणात एखादा कफ हवा होता असं मला फार वाटतं. पुडीकडे बघायच्या आधी त्याने बंगल्यातल्या खडीला नावं ठेवली असती.

असो. वही.

१९७४. मी पाचवीत. जुलैतल्या एका सोमवारी वहीत ‘शर्ट ४’. पुढच्या सोमवारी ‘आले ३, बाकी १’. त्याखाली ‘धोबी रु. ५ कापले’. धोबी दारात उभा राहून काय म्हणाला ते मला आजही ऐकू येतं. ‘बेन, में तो बधुं आप्युं छे.’ म्हणजे, मी तर सगळं दिलंय. पाच रुपये म्हणजे त्याला फार होते. मी आतल्या खोलीत गृहपाठ करत बसले होते. मान खाली घालून.

कारण त्या आधीच्या सोमवारी आई वही मिटून दुधाकडे बघायला आत गेली, तेव्हा गाठोड्यावर सगळ्यात वर बाबांचा पांढरा शर्ट होता. पेनात शाई भरताना बोटं बरबटली, आणि मी ती पुसली. बाहीच्या टोकाला, कफलाच. मग घाबरून शर्ट ओढून काढला आणि याच ट्रंकेमागे कोंबला. मी तेव्हा कॉन्स्टन्सचं नावही ऐकलेलं नव्हतं.

नंतर एकदा बघितलं तर ट्रंकेमागे शर्ट नव्हता. उंदरांनी नेला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दहा वर्षांच्या मुलीला पटायला एवढं पुरतं.

ऑगस्टच्या पानावर, अगदी कडेला, बारीक अक्षरात आईने लिहिलंय: ‘धोबी रु. ५ परत. शर्ट घरी.’

मला ती कधी एका शब्दाने बोलली नाही. बाबा बँकेत बॉलपेनने लिहायचे, दादा तेव्हा सुरतेला. घरात जांभळ्या शाईची बाटली एकच होती.