पायाचं माप

मला चार नंबरची चप्पल चावते आणि पाच नंबरची सटकते. त्यामुळे पायात काही घालायचं म्हटलं की मी कायम नमतंच घेत आलेय. स्कूबा शिकायला लागल्यावर स्वतःच्या फिन्स, म्हणजे पोहताना पायात घालायचे बदकासारखे चपटे पंजे, घ्यायचं ठरवलं तेव्हा मात्र वाटलं, पाण्याखाली कोण बघायला बसलंय? मिळेल ती जोडी घ्यायची.

तारकर्लीला हौशी पर्यटक म्हणून पहिली बुडी मारली, तेव्हा वाटाड्याने मला पाठीमागून धरून भाजीच्या पिशवीसारखं खडकांवरून फिरवून आणलं होतं. पायांना कामच नव्हतं. रीतसर कोर्स सुरू झाला आणि कळलं की इथे हात नुसते दुमडून ठेवायचे, राबायचं पायांनी. भाड्याच्या फिन्समध्ये माझी टाच आतबाहेर करायची. दुसऱ्या दिवशी तिथे रुपयाएवढा फोड.

मग दुकान गाठलं. विक्रेत्याने लांबलचक, निळ्या, फळीसारख्या कडक फिन्स काढल्या. "प्रो लोक हेच नेतात." रंगही झकास होता. घेतल्या.

त्या फिन्सनी दुसऱ्याच बुडीत पोटरीत गोळा आणला. घरी गोळा आला तर माणूस निदान "आई गं" म्हणतं. इथे तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र. यावरचा उपाय शिकवला होता: फिनचं टोक धरून आपल्याकडे ओढायचं आणि पाय सरळ करायचा. पण माझा हात त्या टोकापर्यंत पोचेचना! शेवटी इन्स्ट्रक्टरने येऊन टोक ढकललं. होडीत चढल्यावर तो मालवणचा पोरगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, पायाक बघून घेवचे, फोटो बघून न्हय."

त्याचं खरं होतं. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट. त्यात कडक, लांब पातं रेटायचं म्हणजे चढावर सायकल जड गिअरमध्ये मारायची. त्यात मी नवशिकी, गुडघे दुमडून खरोखर सायकलच मारत होते. पाय हलवायचा असतो तो मांडीपासून. मधोमध चिरलेल्या, मऊ पात्याच्या फिन्सही मिळतात. त्या पायाला हलक्या जातात, पण तळाशी अलगद वळायचं किंवा मागे सरकायचं म्हटलं की पकड देत नाहीत. मालवणच्या पाण्यात वरखाली पाय झाडले की रेती उठते आणि मागच्याला फक्त चहा दिसतो. बेडकासारखे पाय बाजूला फेकले तर रेती जागची हलत नाही. त्यासाठी आखूड, रुंद, बेताच्या कडक फिन्स बऱ्या, हे मला दुकानात नाही, त्या चहात कळलं.

असा गोंधळ थोरामोठ्यांचाही झालाय म्हणा. अमेरिकेचा मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन याने लहानपणी हातात फळ्या धरून पोहून पाहिलं. वेग वाढला, पण मनगटं दमली. पायांनाही काहीतरी बांधलं, ते त्याला पसंत पडलं नाही. पायातल्या फिन्सचं पेटंट लुई द कॉर्लियो या फ्रेंच माणसाने घेतलं, ते १९३३ साली.

दुसऱ्या खेपेला मी निओप्रीनचे, म्हणजे स्पंजासारख्या रबराचे, डायव्हिंगचे बूट घालूनच दुकानात बसले. बोटं हलतात का, टाच उचलते का, सगळं पाहिलं. विक्रेता वैतागला, वैतागू दे. उघड्या टाचेच्या, आखूड, काळ्या, अगदी अनाकर्षक फिन्स निवडल्या. टाचेमागे पट्ट्याऐवजी स्प्रिंग. बोटाने ओढून सोडली की चट्कन बसते, ओल्या हातांनी बक्कल शोधत बसायला नको.

घरी आल्यावर त्या गॅलरीत टोकावर उभ्या करून ठेवणार होते, पण तशाने पातं वाकतं म्हणून आडव्या ठेवल्या. आई त्यांना ओलांडून तुळशीला पाणी घालते आणि रोज विचारते, "ही तुझी वल्ही कधी निघणार?"

निघाली. पुढच्या बुडीनंतर होडीच्या काठाला लटकून मी दम घेत होते. पोरग्याने वरून विचारलं, "बरे आसत मां?"

मी म्हटलं, "कोण?"

तो माझ्या पायांकडे बघून हसायला लागला.